नाण्याची पारख

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्यातील बहुतेक घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात मांडावयाचे राणीछाप आणि राजाछाप रुपये जपून ठेवलेले असतात. घराच्या वाटण्यांत ते वाटले जातात, लेकीसुनांना दिले जातात, कुणी श्रद्धेने मंदिराच्या भांडारात अर्पण करतो. ते खरे आहेत काय, हा प्रश्न मात्र विकण्याची वेळ येईपर्यंत कुणाच्या मनात येत नाही आणि तेव्हा उत्तर देणारा माणूस बहुधा विकत घेणाराच असतो! म्हणून आज नाण्यांच्या इतिहासापेक्षा त्यांच्या पारखेविषयी बोलावे, असे मी ठरविले.

ही विद्या आपणांस परकी नाही. दिल्लीच्या सुलतानांच्या टाकसाळीत काम केलेला ठक्कुर फेरू हा जैन श्रावक होता. इ. स. १३१८ मध्ये, कुतुबुद्दीन मुबारकशाहाच्या कारकिर्दीत, त्याने 'द्रव्यपरीक्षा' हा ग्रंथ रचला. तोही कुणा सुलतानाच्या स्तुतीसाठी नव्हे, तर स्वतःच्या भावाला आणि मुलाला विद्या कळावी म्हणून. कोणत्या नाण्यात किती सोने, किती चांदी, त्याचे वजन काय आणि मोल काय, याची त्यात प्रदेशवार नोंद आहे. आपल्या देवगिरीची नाणीही त्यातून सुटलेली नाहीत. हे हस्तलिखित कोलकात्यात अगरचंद आणि भंवरलाल नाहटा यांच्या हाती लागले आणि १९६१ मध्ये जोधपूरहून छापून प्रसिद्ध झाले. मराठी मुलखात हेच काम पोतदार करीत असे. सरकारी खजिन्यात भरणा होणारे प्रत्येक नाणे त्याच्या नजरेखालून जाई. आज ते केवळ आडनाव उरले आहे.

आपल्या भाषेनेही एक खूण जपून ठेवली आहे. आपण मूर्ती 'ओततो', पण नाणे 'पाडतो'. खरे नाणे दोन ठशांमध्ये धातूची चकती ठेवून, दाब देऊन पाडलेले असते. जुन्या पद्धतीचे खोटे नाणे खऱ्यावरून साचा घेऊन ओतलेले असते. ओतीव धातूत हवेचे बारीक बुडबुडे राहतात, अक्षरांच्या कडा बोथट होतात, पृष्ठभाग साबण लावल्यासारखा गुळगुळीत दिसतो आणि कडेवर दोन साच्यांच्या सांध्याची रेघ उमटते. ही रेघ कानशीने घासून काढलेली असली, तरी घासल्याची खूण राहतेच. दहा पट मोठे दाखविणारे भिंग असले की एवढे सारे कुणालाही पाहता येते.

आता प्रत्यक्ष राणीछाप रुपया घेऊ. त्याचे ठरलेले वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आज आपले सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात. परंतु इंग्रजी अमलात ठरलेला तोळा म्हणजे याच रुपयाचे वजन. यात चांदी ९१.७ टक्के आणि बाकीचे तांबे. हाताळून झिजलेला रुपया थोडा हलका भरेल, पण अर्धा ग्रॅम कमी भरला तर शंका घ्यावी. यापुढची परीक्षा पाण्याची. सराफाच्या नाजूक काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा आणि दोऱ्याने बांधलेला रुपया तळाला न टेकवता पूर्ण बुडवावा. काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवील. जर्मन सिल्व्हरचे नाणे तेवढ्याच वजनाचे केले, तर ते आकाराने मोठे होते आणि काटा सुमारे १.३ च्या पुढे जातो. या परीक्षेत नाण्याला ओरखडाही पडत नाही. कसोटीवर घासणे दागिन्याला ठीक. जुन्या नाण्याला ते घातक. कॅरेट मीटरचे यंत्र केवळ वरचा थर वाचते, त्यामुळे जाड मुलामा दिलेले नाणे त्यालाही चकवू शकते.

'खणखणीत नाणे' हा वाक्प्रचार नादाच्या परीक्षेतून आला. बोटाच्या टोकावर तोलून हलकेच टिचकी मारली, तर चांदी लांबवर निनादते. परंतु हार करण्यासाठी ज्याला कडी डाखली होती, असा खरा रुपयाही बद्द वाजतो. तेव्हा केवळ नादावरून निकाल देऊ नये. लोहचुंबकाचेही तसेच. चांदी चुंबकाला चिकटत नाही, हे खरे. पण १९४७ चा रुपया मुळातच निकेलचा असल्याने तो चिकटतो, आणि तरीही अस्सलच असतो.

सर्वांत कठीण गोष्ट पुढेच आहे. धातू खरा असला म्हणजे नाणे खरे, असे नाही. मुंबईच्या टाकसाळीचा १९३९ सालचा रुपया अत्यंत दुर्मीळ आहे, तर १९३८ चा तुलनेने सहज मिळतो. मग शेवटच्या आठाचा कोरून नऊ करतात! वजन, पाणी, नाद या साऱ्या परीक्षांत असा रुपया उत्तीर्ण होतो. तेथे भिंग त्या एका अंकावर धरावे आणि भोवतालचा पृष्ठभाग खरवडलेला आहे काय, हे पाहावे. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि कडेच्या दात्यांमध्ये खाच आली. अशी कड असलेला रुपया १९३९ चा म्हणून समोर आला, तर त्याची हकीकत ऐकण्यात वेळ घालवू नये. राणीच्या नाण्यावर बिरुदही वाचावे. १८६२ च्या रुपयावर 'क्वीन' आहे. 'एम्प्रेस' १८७७ पासून आले. आणखी एक खूण माझ्या विशेष आवडीची आहे. दोन नाण्यांवर नेमक्या एकाच जागी, एकाच आकाराचा ओरखडा दिसला, तर ती दोन्ही एकाच साच्यातून निघालेली असण्याचा दाट संभव असतो.

शिवराईच्या बाबतीत याच्या उलट नियम. ती हाताने ठोकून पाडलेली, चकती ठशापेक्षा लहान, त्यामुळे 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे बहुधा तुटक येतात. दोन्ही बाजूंना संपूर्ण मजकूर, नेमका गोल आकार आणि एकसारखी काळिमा, असे असेल तर सावध राहावे. शिवरायांचा सोन्याचा होन तर मोजकाच उपलब्ध आहे. तो बाजारात हातोहात मिळत नसतो.

रामदरबार किंवा हनुमान असलेले, १८१८ साल आणि कंपनीचे नाव कोरलेले नाणे अनेकांनी देव्हाऱ्यात ठेवले आहे. ते श्रद्धेने ठेवावे. पण ते कंपनीचे चलन नव्हे. याच नाण्यावर 'तांदूळ ओढते', 'यात दैवी धातू आहे' असे सांगून लाखो रुपयांची फसवणूक होते. त्या तांदळाला आधीच लोखंडाचा कीस लावलेला असतो, इतकेच ते गूढ. आपल्या एका परिचित कुटुंबाने असे नाणे विकण्याच्या आशेने 'प्रमाणपत्राची फी' म्हणून मुलीच्या लग्नासाठी साठविलेली रक्कम भरली. ग्राहक कधीच आला नाही. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँक कोणतेही शुल्क घेत नाही व कुणाला तसा अधिकारही देत नाही, असा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे दिला होता.

अचौर्य व्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे, म्हणजे खऱ्याच्या नावाने त्यासारखे दिसणारे खोटे देणे. भांडारातील नाणी विकण्याचा प्रसंग आला, तर प्रत्येक नाण्याचे वजन व छायाचित्र नोंदवहीत असावे आणि संशयित नाणी वेगळी ठेवावीत, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे. शंभर वर्षांवरील नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. ती परदेशी पाठविता येत नाहीत, हेही परदेशस्थ नातलगांना कळवावे. अधिक अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे; मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाणे-संग्रहालयही पाहण्यासारखे आहे.

व्याख्यानानंतर सभागृहाच्या मागील मेजावर काटा, पाण्याची वाटी आणि दोन भिंगे ठेवली आहेत. ज्यांनी नाणी आणली असतील, त्यांनी ती चिंच किंवा राखेने न घासता, आहेत तशीच, कडेने धरून द्यावीत. माता-भगिनींनी कृपया प्रथम यावे.