निसर्गातील फेरफाराची कसोटी : मावळचा दाखला

मावळातील वडिवळ्याचे धरण कुंडली नदीवर आहे. कुंडली इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी तुळापूरला भीमेला, आणि भीमा कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. याच खोऱ्याच्या माथ्याशी, लोणावळ्याच्या आसपास, वळवण आणि शिरवता ही टाटांची धरणे आहेत. त्यांतले पाणी मात्र पूर्वेकडे जात नाही. ते घाटमाथ्यावरून मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला उतरते, तिथली जनित्रे फिरवते आणि पाताळगंगेतून अरबी समुद्राच्या वाटेला लागते. १९१५ पासून हे चालू आहे. पाऊस एकच आणि खोरेही एकच, पण एका धरणाने नदीच्या वाहण्याची वेळ बदलली, तर दुसऱ्यांनी तिची दिशा. माणसाने निसर्गात फेरफार करावा की करू नये, या प्रश्नाचा विचार या फरकापासून सुरू करणे योग्य ठरते.

‘करूच नये’ हा पर्याय मावळाने फार पूर्वी मागे टाकला आहे. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. लेणी कोरणाऱ्यांनी चैत्य आणि विहारांबरोबर कातळात पाण्याची टाकीही खोदली आणि पावसाचे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरवले. त्यानंतर उतार फोडून भातखाचरे झाली. प्रत्येक खाचराला बांध घालून वाहून जाणारी माती आणि पाणी अडवले गेले. रोपे करण्यासाठी राब भाजायचा, राबासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या तोडायच्या, हे पिढ्यान्‌पिढ्या चालले. आज डोंगरावर दिसणाऱ्या रानाच्या वाढीवरही कोयत्याचा हात आहे. देवराया तेवढ्या वेगळ्या राहिल्या, कारण तिथे वाळलेली काटकीही उचलायची नाही असा गावाचाच दंडक होता. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा इतरत्र नाहीसे झालेले वृक्ष आणि वेली तिथे टिकून असल्याचे दिसले. खाचर आणि देवराई या दोन्ही गोष्टी एकाच गावाने ठरवल्या होत्या. कुठे हात घालायचा आणि कुठे घालायचा नाही, हा निर्णय त्याचे परिणाम भोगणाऱ्यांच्या हाती होता.

बियाण्यातील बदलही याच भूमीत झाला आहे. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ हा भाताचा वाण तयार झाला आणि १९८७ मध्ये तो प्रसारित झाला. आयआर ८ हा फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा १९६६ चा बुटका, भरघोस वाण. आंबेमोहोराला सुगंध होता, पण तो उंच वाढून लोळायचा आणि उतारा कमी पडायचा. नव्या वाणाने सुवास बराचसा राखला आणि पोत्यांची संख्या वाढवली. आंबेमोहोराखालचे क्षेत्र त्यामुळे आक्रसले, हे नुकसान खरे आहे. पण त्याचे बी शेतकऱ्यांच्या घरांत आजही आहे. ज्याला परत वळायचे असेल त्याला पुढच्या मृगात वळता येते. फेरफार मोठा असूनही परतीचा रस्ता बंद झालेला नाही, आणि म्हणूनच हा मावळातील चांगल्या बदलांपैकी एक मानावा लागतो.

टाटांच्या जलविद्युत योजनेची गोष्ट वेगळी आहे. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली. मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालत आणि त्यांच्या धुराने शहर काळवंडत असे. सह्याद्रीवर कोसळणाऱ्या पावसापासून वीज करायची, ही कल्पना तिच्या काळात उदात्त होती आणि अभियांत्रिकी म्हणून ती आजही थक्क करते. खोपोलीपाठोपाठ आंध्रा नदीचे पाणी १९२२ मध्ये भिवपुरीला उतरले, आणि मुळा-निळेचे १९२७ मध्ये भिऱ्याला. या तिसऱ्या टप्प्यासाठी मुळशीला धरण बांधताना तिथले शेतकरी आडवे आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. धरणविरोधी आंदोलनांच्या जगाच्या इतिहासात हा सत्याग्रह अगदी आरंभी येतो. तो मोडला, धरण झाले, भातशेतीची गावे पाण्याखाली गेली. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांच्या घरांत पुढची कित्येक वर्षे विजेचा दिवा लागला नाही. मुंबईची सोय आणि मावळ-मुळशीची हानी एकाच हिशेबात मांडली गेली नाही, हा त्या योजनेचा मूळ दोष होता.

दुसरा दोष काळाने उघड केला. दरवर्षी सुमारे ४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी भीमेच्या खोऱ्यातून कोकणात उतरवण्याची या योजनांना मुभा आहे. भीमेच्या खालच्या अंगाला सोलापूरपर्यंत अवर्षणप्रवण मुलूख पसरलेला आहे. तेव्हा हे पाणी पूर्वेला परत द्यावे, ही मागणी न्याय्य वाटते. पण शंभर वर्षांत खालीही माणसे वसली. भिवपुरीहून सुटणारे पाणी उल्हास नदीत जाते आणि बदलापूर ते कल्याण या पट्ट्यातील शहरे त्या नदीवर तहान भागवतात. नदी वळवण्याचा निर्णय एकदा होतो. त्यानंतर नव्या वाटेवरही हक्क जन्मतात आणि तो निर्णय मागे घेणे दुसऱ्या कोणावर तरी अन्याय होऊन बसते. वळवलेले पाणी परत आणणे किती अवघड असते ते मध्य आशियात दिसले: अमुदर्या आणि सिरदर्या यांचे पाणी १९६० च्या दशकापासून कापसाकडे वळवले गेले आणि अरल समुद्र बहुतांश आटला. २००५ मध्ये बांध घालून कझाकस्तानने त्याचा उत्तरेकडील लहान भाग सावरला. उरलेल्या पात्रात आज बहुतेक ठिकाणी मीठ आणि वाळू आहे.

सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण मात्र माशाचे आहे. दख्खनी महसीर, मराठीत खडस, याचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतील माशांवरून केले. हा मासा पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून वर जातो आणि खडकाळ, वाहत्या पाण्यात अंडी घालतो. धरणांनी ती वाट अडवली, मासेमारीने आणि मैल्याने उरलेले केले. देहूच्या डोहासारख्या ठिकाणी श्रद्धेने त्याला आसरा दिला, पण तेवढ्याने नदी भरत नाही. १९७० च्या दशकात लोणावळ्याला वळवणच्या तळ्याकाठी टाटांच्या केंद्रात कृत्रिम प्रजननाचे काम सुरू झाले. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी नर-मादींपासून अंडी आणि मिल्ट (नराचे शुक्रद्रव्य) काढून पिल्ले वाढवण्याची पद्धत बसवली. ज्यांनी महसीरची वाट अडवली त्यांनीच त्याची पैदास हाती घेतली, आणि हे काम मनापासून झाले. लाखो पिल्ले देशभर गेली.

त्यांतली काही कावेरीत सोडली गेली. कावेरीत स्वतःचा महसीर होता: पाठीवर कुबड असलेला, महसीरांतला सर्वांत मोठा. बाहेरून आलेला खडस तिथे फोफावला. गळ टाकणाऱ्यांच्या नोंदींत दख्खनी मासा वाढत गेला आणि कुबडवाला दुर्मीळ होत गेला. २०१८ मध्ये कावेरीच्या त्या महसीरची गणना अतिसंकटग्रस्त प्रजातींत झाली, तर दख्खनी महसीर त्याच सुमारास संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. एका नदीचा मासा वाचवताना दुसऱ्या नदीचा मासा धोक्यात आला. हेतूत खोट नव्हती आणि शास्त्रही पक्के होते. चूक पिल्ले कुठे सोडायची या निर्णयात होती, आणि मोकळ्या नदीत मिसळलेला मासा वेचून परत आणता येत नाही.

खाचर, भात, धरण आणि मासा यांतून कसोटी निघते ती दोन प्रश्नांची. बदल चुकला तर मागे फिरता येईल का? आणि चुकीचा भार निर्णय घेणाऱ्यांच्या खोऱ्यात राहील, की दुसऱ्याच्या अंगणात जाईल? या कसोटीवर वडिवळ्यासारखे मध्यम धरण निर्दोष ठरत नाही. त्यानेही जमीन बुडवली आणि नदीचा पावसाळी पूर बांधून टाकला. पण त्याचे जेमतेम एक टीएमसी पाणी इंद्रायणीतच उतरते, काठच्या शेतांना आणि पाणीयोजनांना मिळते, आणि ते कधी किती सोडायचे हे दरवर्षी नव्याने ठरवता येते. मासे चढतात त्या दिवसांत थोडा प्रवाह सोडणे आजही शक्य आहे आणि ते व्हायला हवे.

हीच कसोटी आता पुढच्या कामाला लावण्याची वेळ आली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि महाराष्ट्र शासन यांच्यात शिरवता येथे १८०० मेगावॅट आणि भिवपुरी येथे १००० मेगावॅट क्षमतेच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा करार झाला. मागणी वाढली की पाणी खाली सोडून वीज करायची आणि वीज स्वस्त असताना तेच पाणी पुन्हा वर चढवायचे, असे हे तंत्र आहे. सौर विजेच्या काळात त्याची गरज खोटी नाही, आणि वर चढलेले पाणी इंद्रायणीच्या बाजूला देण्याची तांत्रिक शक्यता शंभर वर्षांत प्रथमच समोर येत आहे. तिचा विचार करारातच व्हायला हवा. काम सुरू होण्यापूर्वी घाटमाथ्यावरचे झरे, रान, देवराया आणि ओढ्यांतील मासे यांची नोंद गावकऱ्यांना सोबत घेऊन झाली पाहिजे, म्हणजे पुढे काय बिघडले ते ताडून पाहता येईल. मुळशीला १९२१ मध्ये अशी नोंद कोणी ठेवली नव्हती.