संवेदकाचा आकडा कसा वाचावा



हवेतील धूळ आपण दीर्घकाळ तराजूनेच मोजत आलो. यंत्राने गाळणकागदातून चोवीस तास हवा ओढावयाची, कागद प्रयोगशाळेत तोलावयाचा आणि वजनातील वाढीवरून धुळीचे प्रमाण काढावयाचे. आठवड्यातून दोनदा, वर्षाकाठी १०४ वेळा, असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा दंडक आहे. पद्धत भरवशाची; परंतु तिचा निकाल हाती येईतो ती हवा लोकांच्या फुप्फुसांत जाऊन चुकलेली असते. शिवाय चोवीस तासांच्या सरासरीत सकाळी कचरा पेटविल्याचा एक तास पार बुडून जातो. दम्याच्या मुलाला त्रास होतो तो नेमका त्या तासाचा.

ही उणीव संवेदक भरून काढतो. त्यातील लहानसा पंखा हवा आत घेतो, लेझरचा किरण कणांवर पडून विखुरतो आणि त्या विखुरण्यावरून मिनिटागणिक आकडा मिळतो. अडीच मायक्रॉनहून लहान कणांसाठी आपली २००९ ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचविली. हे कण फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात.

आता गोमंतकापुरते बोलतो. आपल्याकडे पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते. कण पाणी शोषून फुगतात, अधिक प्रकाश विखुरतात आणि स्वस्त संवेदक नसलेले प्रदूषण दाखवितो. मुरगाव बंदरातील कोळशाच्या धुळीबाबत नेमके उलट घडते. त्या धुळीतील बराचसा भाग जाड कणांचा असतो आणि असे कण या उपकरणांना नीट टिपता येत नाहीत. म्हणजे वास्कोतील गृहिणी खिडकीवरची काळी भुकटी पुसत असता भिंतीवरील संवेदक हवा उत्तम असल्याचे सांगू शकेल! पहिल्या चुकीने फार तर अकारण धावपळ होईल. दुसरीने रहिवाशांची रास्त तक्रार खोटी ठरेल. माझ्या मते ती अधिक घातक.

म्हणून संवेदक शाळेत वा आरोग्यकेंद्रात लावण्यापूर्वी काही आठवडे प्रमाणित यंत्राशेजारी ठेवावा, तोही पावसाळ्यात आणि कोरड्या दिवसांत वेगवेगळा, आणि दोहोंतील तफावत नोंदवून आकडा दुरुस्त करावा. जाड धुळीसाठी मात्र गाळणकागदच प्रमाण मानावा. जागा निवडताना स्वयंपाकघराचा झरोका आणि बसथांबा टाळावा. मग एखाद्या सकाळी आकडा एकाएकी चढलेला दिसला, तर शिक्षकांनी कवायत त्या तासापुरती पुढे ढकलावी व दम्याच्या मुलांना वर्गात बसवावे. त्यासाठी वरिष्ठांच्या लेखी आदेशाची वाट पाहू नये.