मूळव्याध : औषधाची परीक्षा

मंडळी, आजचा विषय चारचौघांत कोणी काढीत नाही. विषय आहे मूळव्याधीचा. मीही पूर्वी लाजत असे. शाळेत खुर्चीवर बसवत नसे. शौचाच्या वेळी रक्त पडे. तरी दोन वर्षे घरात कुणाला सांगितले नाही. आठवडी बाजारात एका औषधवाल्याने बिब्ब्याचा लेप दिला. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते. मला फोड आले, मोड मात्र तसेच राहिले. शेवटी बायकोने धोतरावरचे रक्त पाहिले आणि मला दवाखान्यात नेले.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, मग झाडपाला सगळा खोटा का?" तसं नाही. शाळेत आपण मुलांची परीक्षा घेतो. तशीच औषधाची घ्यावी. काही रोग्यांना औषध द्यायचे, काहींना नाही. मग दोघांत फरक पडतो का, ते पाहायचे.

या परीक्षेत इसबगोलासारखा चोथा पास झाला आहे. 378 रोग्यांवरच्या 7 प्रयोगांचा एकत्र हिशेब 2005 साली मांडला गेला. चोथा घेणाऱ्यांत रक्त पडण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने कमी झाले होते. याचे कारण सोपे आहे. कुंथल्याने गुदाच्या शिरा फुगतात. इसबगोल पाण्यात फुगतो, मळ मऊ होतो, कुंथावे लागत नाही. दोन चमचे भुसी पेलाभर पाण्यात घ्यावी. कोरडी कधी घेऊ नये, घशात अडकते. दिवसभर पाणी भरपूर प्यावे. गुण यायला काही आठवडे लागतात.

आता सुरण बघा. संस्कृतात त्याला 'अर्शोघ्न' म्हणतात. म्हणजे मूळव्याध घालवणारा. पण नाव मोठे म्हणून मुलगा पास होत नाही. सुरणाची तशी पक्की परीक्षा झालेली नाही. सुरणाची भाजी आणि ताक जेवणात खुशाल घ्या, पण त्यावरच विसंबू नका. बिब्बा मात्र जवळ करू नका.

आणखी एक गोष्ट गाठीला बांधा. रक्त पडते ते दर वेळी मूळव्याधीचेच असते असे नाही. आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडते. म्हणून रक्त दिसले की आधी डॉक्टरांना दाखवा, मग औषध घ्या.

माझी दोन वर्षे लाजेपायी गेली. तुमचे दोन दिवसही जाऊ देऊ नका. आज घरी गेल्यावर हा धडा मोठ्याने वाचा. घरात कुणीतरी मुकाट्याने सोसत असेल, त्याला तो ऐकू जाईल.