मागणारा असला म्हणजे पुस्तक येते



आज तुमचा वर्ग संपला. तुम्ही आता सही करता. एस. टी.ची पाटी वाचता. कापूस विकला की पावतीवरचे वजन स्वतः वाचून पाहता. आम्ही जन्मभर मास्तरकी केली. लहान पोरे पुष्कळ शिकविली. पण साठ वर्षांची आजी स्वतःचे नाव लिहिते, तेव्हा होणारा आनंद काही वेगळाच.

तरी आज एक काळजीची गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. विळा कोपऱ्यात टाकला तर गंजतो. अक्षराचेही तसेच आहे. वाचले नाही तर ते विसरते. वर्ग सुटला, आता वाचायचे काय? त्याला पुस्तक पाहिजे. म्हणून आज पुस्तकाच्या दुकानाबद्दल बोलू.

मागे आम्ही पुलगावच्या बाजारात एका दुकानात गेलो. म्हटले, "मोठ्या माणसांनी वाचावी अशी सोपी पुस्तके दाखवा."

दुकानदार म्हणाले, "गुरुजी, वह्या आहेत. परीक्षेचे गाइड आहेत. पंचांग आहे. गोष्टींची पुस्तकेही ठेवून पाहिली. ती धूळ खात पडली. कोणी मागतच नाही, तर आणू कशाला?"

आम्हाला त्यांचा राग आला नाही. तुरीची डाळ कोणी घेतलीच नाही, तर वाणी ती ठेवील काय? रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही, असे आपण म्हणतो. दुकानाचेही तसेच आहे.

मागणाऱ्याची ताकद केवढी असते, याची एक गोष्ट ऐका. विनोबा भावे यांचे नाव आपल्या वर्धा जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? त्यांच्या आईचे नाव रुक्मिणीबाई. त्यांना गीता समजून घ्यायची होती. पण गीता संस्कृतात. त्यांनी मुलाजवळ मराठी गीता मागितली. मुलाने ती आणून दिली. तीही त्यांना जड वाटली. मग त्या मुलाला म्हणाल्या की तूच सोपी करून दे.

1918 साली आई वारल्या. पण मागणे मुलाच्या मनात राहिले. 1930 च्या ऑक्टोबरात विनोबा लिहायला बसले आणि 1931 च्या फेब्रुवारीत पुस्तक पुरे झाले. तीच "गीताई". वर्ध्याला गोपुरीत गीताई मंदिर आहे. तिथे हे सारे पुस्तक दगडांवर कोरले आहे. पाहा, एका बाईने मागितले, म्हणून एवढे पुस्तक झाले. आणि ते हजारोंच्या कामी आले.

पुढे 1951 साली भूदानाची पदयात्रा सुरू झाली. विनोबांची "गीता प्रवचने" लोक गावोगावी विकत घेत आणि विनोबा त्यांवर सही करून देत. त्या गावांत दुकान कुठले असणार? तिथे पुस्तकच पायी चालत आले.

आता पुलगावच्या स्टेशनावरून मुंबईची गाडी धरू. मुंबईत गिरगाव नावाची चाळींची वस्ती होती. एका खोलीत एक कुटुंब, अशी दाटी. तिथे 1942 साली केशवराव कोठावळे यांनी पुस्तकांचा एक लहान स्टॉल सुरू केला. त्याचे नाव मॅजेस्टिक बुक स्टॉल. घेणारे येत गेले, तसा स्टॉल वाढला. पुढे कोठावळे पुस्तके छापूही लागले. 1964 साली त्यांनी "ललित" नावाचे मासिक काढले. नवे पुस्तक कोणते आले, ते कसे आहे, हे वाचकाला घरबसल्या कळू लागले. पुढे "मॅजेस्टिक गप्पा" सुरू झाल्या. लेखक समोर बसून बोलतो आणि वाचक ऐकतात. म्हणजे ते नुसते दुकान राहिले नाही. ती वाचणाऱ्यांची बैठक झाली. तुम्ही म्हणाल, ती मुंबई! खरे आहे. पण तिथेही सुरुवात एका लहान स्टॉलापासून झाली, आणि तो वाढला तो मागणाऱ्यांमुळे.

आता आमची एक चूक सांगतो. लाज वाटते, पण सांगितली पाहिजे. आम्ही एका खेड्यातल्या शाळेत होतो. शाळेला गोष्टींची पुस्तके मिळाली. आम्ही ती कपाटात घातली आणि कुलूप लावले. तपासणीत एक पुस्तक कमी भरले तर जबाब कोण देणार? एक पोरगा रोज येऊन मागे. आम्ही म्हणत असू, "फाडशील. नंतर देऊ." काही वर्षांनी कपाट उघडले. आत उधई लागली होती. नोंदवहीत पुस्तके पुरी होती, कपाटात माती होती. तो पोरगा तोवर शाळा सोडून मजुरीला गेला होता. पुस्तक हाताळल्याने फाटते, हे खरे. पण न हाताळल्याने मरते, हे आम्हाला उशिरा कळले.

म्हणून एक सोपा उपाय सांगतो. पाच घरांनी मिळून एक वाचनमेळ करावा. प्रत्येक घराने एकच पुस्तक विकत घ्यावे. पंधरा दिवसांनी पुस्तके आपसात फिरवावी. पैसे गेले एका पुस्तकाचे, वाचायला मिळाली पाच. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही किंवा अजून अक्षर जुळत नाही, त्यांच्यासाठी एकाने मोठ्याने वाचावे. संध्याकाळी पारावर बसून वाचावे, नाहीतर कोणाच्या ओसरीवर. वाचताना अडले तर शेजारच्याला विचारावे. त्यात कसली लाज? आम्हीही अडतो.

कोणी म्हणेल, "गुरुजी, आता मोबाइलवर सारे दिसते." दिसते ना. पण तिथे पुष्कळदा आपण पाहतो आणि ऐकतो, वाचत नाही. पुस्तक मात्र वाचावेच लागते, आणि ते पाच घरी फिरते.

तर आता एक काम करा. येत्या बाजाराला भाजी घ्याल, मिरची घ्याल. तेव्हा पुस्तकाच्या दुकानापाशी थांबा आणि विचारा, "आमच्याजोगे सोपे पुस्तक आहे काय हो?" पहिल्या वेळी दुकानदार "नाही" म्हणतील. पुढच्या बाजाराला पुन्हा विचारा. तुमच्यापैकी वीस जणांनी विचारले, तर ते पुस्तक आणल्याशिवाय राहणार नाहीत.

आम्हीही त्या दिवशी तिथे येऊ. पहिले पुस्तक तुम्ही घ्या. दुसरे आम्ही घेऊ.