जॅरोची बंद गोदी



क्षयाचे कारण जंतू, हे आम्ही वैद्यकात शिकलो. इंग्लंडमधील टाईन नदीकाठच्या जॅरो गावाचा इतिहास वाचला, तेव्हा कारणांच्या त्या यादीत एक बंद गोदीही घालावीशी वाटली.

पामर कंपनी तेथे १८५२ पासून जहाजे बांधीत असे. ब्रिटिश आरमाराच्या युद्धनौकाही तेथे घडल्या. पहिल्या महायुद्धानंतर मागणी आटली. १९३२ मध्ये 'डचेस' ही विनाशिका पाण्यात उतरली, ती शेवटची. १९३४ साली जहाजबांधणी मालकांच्याच संघाने गोदी विकत घेतली आणि ४० वर्षे तेथे जहाज बांधले जाऊ नये, असा निर्बंध घातला. दहांपैकी सात कामगार बेकार! क्षय आणि अर्भकमृत्यू यांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून कितीतरी चढे होते.

५ ऑक्टोबर १९३६ रोजी २०० पुरुष सुमारे ११,००० सह्यांचा अर्ज घेऊन पायी लंडनला निघाले. खासदार एलन विल्किन्सन वाटेत त्यांच्याबरोबर चालल्या. शुश्रूषेसाठी वैद्यकीय विद्यार्थीही होते. त्यांच्याविषयी मला, साहजिकच, विशेष जिव्हाळा वाटतो. महिनाअखेरीस मोर्चा पोहोचला. पंतप्रधान बाल्डविन यांनी भेट नाकारली. घरी परतल्यावर या माणसांना कळले, की चालण्याच्या दिवसांत ते कामासाठी उपलब्ध नव्हते, म्हणून त्यांचा बेकारभत्ता कापला गेला आहे.