जे दिसले ते लिही



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण जमलो आहोत, त्या सरांनी माझ्या प्रयोगवहीचे एक पान तिरके खोडले होते. लंबकावरून गुरुत्वत्वरण काढायचे होते. माझे उत्तर ९३३ येई, पुस्तकात ९८०. मी आंदोलनांचा वेळ किंचित कमी लिहून ९८० ‘आणले’. सरांनी समासात एवढेच लिहिले : ‘जे दिसले ते लिही.’ शास्त्रज्ञ प्रश्नाचा शोध कसा घेतात, हा विषय आपण सुचविलात तेव्हा तो समास प्रथम आठवला.

उदाहरणासाठी हैदराबादबाहेर जायला नको. बेगमपेठेतील ती जुनी वास्तू आपण जाता-येता पाहिली असेल. रोनाल्ड रॉस यांचे नाव तिला दिलेले आहे. हिवतापाचा परोपजीवी जंतू रोग्याच्या रक्तात लाव्हेरान यांनी १८८० मध्येच पाहिला होता. तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, हे मात्र कळत नव्हते. डास त्यात गुंतलेला असावा, असे मॅन्सन यांनी १८९४ मध्ये सुचविले. परंतु डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला ताप येतो, अशी त्यांची कल्पना होती. रॉस यांनी सिकंदराबादेत ती तपासली. असे पाणी प्यालेल्या एका माणसाला थोडा ताप आलाही. पुढे इतरांना पाजले, तेव्हा तसे घडेना. त्या पहिल्या तापावर ते विसंबले असते, तर आपण अजून पाणीच गाळत बसलो असतो!

दोन वर्षे करड्या आणि पट्टेदार डासांची पोटे फाडून हाती काही लागले नाही. ऑगस्ट १८९७ मध्ये ठिपकेदार पंखांचे डास मिळाले. हुसेन खान नावाच्या रोग्याने ते स्वतःला चावू दिले. दर डासामागे एक आणा. (आजची कोणतीही नीतिसमिती याला परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. त्या माणसाचे नाव मात्र रॉस यांच्या नावाशेजारी असायला हवे.) वाऱ्याने डास उडतील म्हणून पंखा बंद, घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले. २० ऑगस्टला एका डासाच्या जठराच्या भिंतीत काळ्या रंगकणांच्या पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी आणखी एकात, आकाराने मोठ्या.

गोष्ट बहुधा इथेच संपवली जाते. पण दोन डास म्हणजे पुरावा नव्हे. त्या पेशी त्या जातीत मुळातच असू शकतात. १८९८ मध्ये कलकत्त्यास रॉस पक्ष्यांच्या हिवतापाकडे वळले. त्याचा वाहक डास निराळा, प्रश्न तोच. त्यांनी तीन चिमण्या घेतल्या : एकीच्या रक्तात जंतू पुष्कळ, दुसरीच्या बेताचे, तिसरी निरोगी. प्रत्येकीवर पोसलेले दहा-दहा डास तपासले. पहिल्या दहांत १००९ पेशी, दुसऱ्या दहांत २९२, तिसऱ्या दहांत एकही नाही. मला कौतुक वाटते ते त्या तिसऱ्या चिमणीचे. जिच्यात काहीच सापडू नये अशी अपेक्षा आहे, तिच्यावरही तेवढेच डास आणि तेवढाच वेळ खर्च करणे, यातच सगळे आले. पुढे जंतू डासाच्या लाळग्रंथींत दिसले आणि चाव्यातून निरोगी चिमण्यांना रोग झाला. माणसाच्या हिवतापाचे संपूर्ण चक्र ग्रासी आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी सिद्ध केले. रॉस यांना १९०२ चे नोबेल मिळाले. श्रेयावरून दोघांचे भांडण मात्र पुढे बरेच चालले.

माझे ९३३? सरांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोग करायला लावला. पुन्हा तेच उत्तर. तेव्हा म्हणाले, “आता हे उत्तर तुझे आहे. ते असे का, ते शोध.” तासाभराने सापडले. चाळीस सेंटिमीटर दोरा मी मोजला होता, पण खालची आकडी आणि गोळ्याचा अर्धा भाग मोजायचा राहिला होता, दोन सेंटिमीटर.

ती वही आज सोबत आणली आहे. बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. सरांचे अक्षर ज्यांना पाहायचे असेल, त्यांनी जरूर पाहावे.