धरावे की मारावे



दीक्षान्त समारंभाच्या वक्त्याने पदवीधरांस प्रज्ञा, शील आणि राष्ट्रोद्धार यांविषयी चार उदात्त वाक्ये ऐकवावीत आणि श्रोत्यांची नजर घड्याळाकडे वळण्यापूर्वी आपले आसन ग्रहण करावे, असा आपल्याकडील शिरस्ता आहे, आणि तो मोडण्याइतका मी धीट नव्हतो; परंतु आज पहाटे आळेफाट्याकडून पिंपळवंडीस येत असता, धुक्यात उसाच्या फडांना लागून, घामाने निथळत धावणारी दहा-बारा मुले मला दिसली, गाडी थांबवून मी चौकशी केली, तेव्हा 'भरतीची तयारी चाललीय, सोळाशे मीटर बसवतोय' असे उत्तर मिळाले, आणि त्यांतील दोघेजण आज येथे पदवी घेणार असल्याचेही समजले. तेव्हाच मी लिहून आणलेले भाषण खिशात ठेवून दिले. ज्यांच्या कमरेला उद्या सरकारी पिस्तूल येणार, त्यांच्याशी त्या पिस्तुलाविषयी कोणीतरी एकदा निवांतपणे बोलावयास हवे. आणि ज्याची सारी हयात फौजदारी न्यायालयांच्या ओट्यांवर गेली, त्याला याहून अधिक उपयोगाचे असे काही सांगताही येणार नाही.

प्रश्न साधा आहे. पोलिसाने माणसाचा प्राण घेणे कायद्याला केव्हा मान्य असते?

या प्रश्नाचा अर्धा भाग जुन्नर-आंबेगावच्या माणसाला कोणत्याही विधिज्ञापेक्षा अधिक चांगला समजतो, कारण तो बिबट्याच्या शेजारी राहतो. बिबट्या फडात शिरला की आपण पिंजरा मागतो, आणि पिंजऱ्यात सापडलेले जनावर माणिकडोहच्या निवारा केंद्रात जाते. बिबट्या नरभक्षक ठरला तरीही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अकराव्या कलमान्वये, त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलविणे शक्य नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री पटल्यावाचून आणि त्याने कारणे नमूद करून लेखी हुकूम दिल्यावाचून, त्याच्यावर गोळी झाडता येत नाही. २०२५ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या परिसरात माणसे बळी पडली, लेकरे गेली, संतप्त लोकांनी महामार्ग रोखला, तेव्हाही नेमबाजांच्या आधी तो हुकूम यावा लागला. त्याच कलमात दुसरी एक तरतूद आहे: बिबट्या अंगावर आला आणि स्वतःच्या वा दुसऱ्याच्या रक्षणार्थ कोणी शुद्ध बुद्धीने त्याला मारले, तर तो गुन्हा नव्हे. त्या घटकेला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. मात्र ती घटका तेवढीच असते. पिंजऱ्यात बसलेल्या बिबट्याला गोळी घालून 'तो अंगावर आला' असे सांगणाऱ्यावर या पंचक्रोशीत कोणी विश्वास ठेवणार नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आपण किती सहज विश्वास ठेवतो, हे मी पुढे सांगणार आहे.

शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला, त्यासंबंधी 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका तुम्ही लहानपणापासून ऐकलेली आहे. मूळ पत्रात 'धरावे' होते आणि कोणीतरी ते 'मारावे' केले, या हकिकतीच्या ऐतिहासिक सत्यतेचा निकाल इतिहासकारांवर सोपवून, तिच्यातील मर्माकडे मी तुमचे लक्ष वेधू इच्छितो, ते असे की, राज्यसत्तेच्या शिपायाला मिळालेला हुकूम एका अक्षराने बदलला, की तोच शिपाई मारेकरी होतो. आपल्या फौजदारी कायद्याची पाने उलटून पाहाल, तर पोलिसाला सांगितलेली क्रिया सर्वत्र 'धरावे' अशीच आढळेल. 'मारावे' असे त्याला कोठेही सांगितलेले नाही. मारणे हे कधीकधी धरण्याच्या वा वाचविण्याच्या ओघात घडून येते, आणि घडले तर त्याचा हिशेब द्यावा लागतो.

हा हिशेब कोणत्या आधारावर द्यावयाचा? पहिला आणि सर्वांत बळकट आधार आत्मसंरक्षणाच्या हक्काचा आहे, आणि येथे अनेकांस आश्चर्य वाटेल, परंतु हा हक्क खाकी गणवेशाचा नाही. पूर्वी तो १८६० च्या दंडसंहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि फौजदाराला तो जितका आहे, तितकाच रात्री कांद्याच्या चाळीची राखण करणाऱ्या म्हाताऱ्यालाही आहे. समोरच्या माणसाच्या कृत्याने मृत्यूची वा जबर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची किंवा अशाच प्रकारची रास्त भीती निर्माण झाली, तर त्याचा प्राण जाईपर्यंत प्रतिकार करण्याची मुभा कायदा देतो; भीती उत्पन्न होताच हक्क जन्मास येतो, आणि भीती संपताच त्याच क्षणी तो मरतो. हातातील कोयता खाली पडला, माणूस पाठ फिरवून पळू लागला, वा जमिनीवर पालथा पडून हात वर करता झाला, की त्यानंतरच्या गोळीला या हक्काचे छत्र उरत नाही. आणि आवश्यक त्याहून अधिक इजा करावयाची नाही, ही अट तर प्रारंभापासूनच घातलेली आहे. अशा बचावाचा पुरावा देण्याचा भार, साक्षीच्या कायद्यानुसार, बचाव घेणाऱ्याच्याच शिरावर असतो. गणवेशामुळे तो हलका होत नाही.

दुसरा आधार अटकेचा. अटकेस बळाने विरोध करणाऱ्या वा निसटू पाहणाऱ्या इसमास पकडण्यासाठी आवश्यक ती सर्व साधने वापरण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ ने पोलिसास दिला आहे, आणि लगेच त्याच कलमात बजावले आहे की, मृत्युदंड वा आजन्म कारावास यांस पात्र अशा अपराधाचा आरोप ज्याच्यावर नाही, त्याचा मृत्यू घडविण्याचा हक्क या कलमाने मिळत नाही. पाकीटमार पळाला, तर पळू द्यावा, उद्या सापडेल. या वाक्याचा उलटा अर्थ लावणारे अंमलदार मी पाहिले आहेत. खुनाचा आरोपी आहे ना, मग पळताना गोळी घालायला हरकत नाही, असे ते मानतात. ती चूक आहे. मनाई नसणे म्हणजे परवाना मिळणे नव्हे. 'आवश्यक' हा शब्द तेथेही तसाच उभा असतो, आणि आरोप हा शेवटी आरोपच असतो, दोषसिद्धी नव्हे.

तिसरा आधार जमावाचा, आणि महाराष्ट्राचे हात याच आधारापाशी वारंवार रक्ताने माखले आहेत. बेकायदा जमावास पांगण्याचा हुकूम आधी द्यावा, न मानल्यास बळाने पांगवावे, असे कायदा सांगतो. लष्कर बोलवावे लागले, तर त्याने शक्य तितके कमी बळ वापरावे आणि शक्य तितकी कमी इजा करावी, असे शब्द नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे सकाळी उघडकीस आले, क्षुब्ध माणसे रस्त्यावर आली, आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने केलेल्या गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले. जमाव गॅसचे टँकर पेटवील अशी भीती होती, असा बचाव मांडण्यात आला. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने तो स्वीकारला नाही, गोळीबार असमर्थनीय ठरविला, आणि २००९ साली सत्र न्यायालयाने तुकडीच्या उपनिरीक्षकास सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने त्यास जामीन दिला. आपल्याच जिल्ह्यात, ९ ऑगस्ट २०११ रोजी, म्हणजे ऐन क्रांतिदिनी, पवनेच्या पाण्याच्या बंद जलवाहिनीविरुद्ध बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरलेल्या मावळातील शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि तिघे गेले, त्यांत एक स्त्री होती. पाणी कोणत्या कालव्याने कोणाकडे न्यावयाचे, यावरून कुकडीच्या खोऱ्यातही माणसे रस्त्यावर येतात, हे मी येथे सांगावयास नको.

जमावावरील गोळीचे समर्थन त्या जमावाच्या रागाने होत नसते, आणि जमावाला अद्दल घडविण्याच्या हेतूने तर कधीच होत नसते. जालियनवाला बागेत १६५० फैरी झाडणाऱ्या डायरला हंटर समितीपुढे, मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड प्रभृतींनी खोदून खोदून विचारले, तेव्हा गोळी न झाडताही जमाव पांगविता आला असता, पण लोक परत येऊन आपल्याला हसले असते, अशा आशयाची कबुली त्याने दिली. एवढी सरळ कबुली मिळण्याचे भाग्य वकिलाच्या वाट्यास क्वचितच येते.

आता 'चकमक' या शब्दाकडे वळतो. चकमक म्हणजे गारगोटी. तिच्यावर पोलाद आपटल्याखेरीज ठिणगी उडत नाही, म्हणजे शब्दातच दोन बाजू आहेत. पण मुंबईत गेल्या शतकाच्या अखेरीस या शब्दाचा एवढा सुळसुळाट झाला, की १९९५ ते १९९७ या अवधीत झालेल्या सुमारे ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मेल्याचे प्रकरण न्यायालयापुढे आले. अधिकाऱ्यांच्या नावापुढे धावफलकासारखे आकडे लिहिले जाऊ लागले, आणि सुशिक्षित घरांतून ते कौतुकाने वाचले गेले. त्याच परंपरेत ११ नोव्हेंबर २००६ रोजी वाशीहून उचललेला रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभय्या त्याच संध्याकाळी वर्सोव्यात 'चकमकीत' मरण पावला. त्याचा भाऊ वकील होता, म्हणून फिर्याद तगली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांचा जामीन रद्द करणारा उच्च न्यायालयाचा आदेश कायम ठेवताना बनावट चकमकीस थंड डोक्याने केलेला खून म्हटले; २०१३ साली सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह अनेकांस जन्मठेप दिली; आणि २०२४ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने सुटलेल्या एका नामांकित अधिकाऱ्यासही दोषी ठरविले. भाऊ वकील नसता तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

माझ्या वयाचे सज्जन गृहस्थ मला विचारतात, की न्यायालयांत वीस-वीस वर्षे तारखा पडतात, साक्षीदार फुटतात, गुंड हसत बाहेर येतात, मग पोलिसाने निकाल लावला तर बिघडले कोठे? या प्रश्नातील संताप खोटा नाही, आणि तारखांच्या त्या पापात माझ्या व्यवसायाचा वाटा मोठा आहे, हे मी मान्य करतो. पण ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ, एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवरील भीषण अत्याचाराचे चार आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना मारले गेले, लोकांनी पोलिसांवर फुले उधळली, आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या, आपल्या महाराष्ट्राच्या न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने असा निष्कर्ष काढला, की पोलिसांची हकिकत विश्वासार्ह नाही, गोळ्या जीव घेण्याच्या हेतूनेच झाडल्या गेल्या, आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. फुले उधळणाऱ्यांना हे काहीच ठाऊक नव्हते. ठाऊक करून घेण्यासाठीच खटला असतो, आणि तो चालविण्यापुरता तरी आरोपी जिवंत असावा लागतो.

माझ्या पहाटेच्या धावपटूंनो, उद्या खरोखरीच तुमच्यावर गोळी झाडण्याची वेळ आली आणि माणूस मेला, तर काय होईल तेही ऐका. २३ सप्टेंबर २०१४ रोजी, मुंबईतील त्याच ९९ चकमकींच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १६ सूचना घालून दिल्या. तुम्हाला मिळालेली खबर आधीच नोंदवहीत वा अन्य स्वरूपात लिहिलेली असावी लागेल. गुन्हा दाखल होईल. तपास तुमच्या ठाण्याचा न राहता गुन्हे अन्वेषण विभागाकडे वा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे जाईल. पिस्तूल आणि काडतुसे न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा करावी लागतील. जखमीला आधी दवाखाना द्यावा लागेल. दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी होईल. आणि शौर्य निःसंशय सिद्ध होत नाही तोवर शौर्यपदक वा तातडीची बढती मिळणार नाही. हे ऐकून काहींना वाटेल की पोलिसाच्या हातांत बेड्या घातल्या. ज्याने खरोखर जीव वाचविण्यासाठी गोळी झाडली, त्याला या कागदपत्रांचे भय नसते. ती त्याचीच साक्ष ठरतात. बंदुकीच्या नळीपासूनच्या अंतराची, जखमेभोवतालच्या काजळीची, पाठीवरील की छातीवरील भोकाची भाषा शवविच्छेदनाच्या अहवालात इतकी स्पष्ट लिहिलेली असते, की कोणत्याही वकिलाला ती फार काळ झाकता येत नाही.

आणखी एकच प्रसंग सांगतो आणि थांबतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीपाशी एक पळविलेली मोटार येऊन थबकली. तीत दोघे होते, दोघांकडे बंदुका होत्या, आणि त्या रात्री त्यांनी किती प्राण घेतले होते, ते तुम्ही जाणता. चालविणारा पोलिसांच्या गोळीने मेला, आणि त्या गोळीविरुद्ध कोणत्याही न्यायालयात कोणी एक अक्षर बोलू शकले नाही. दुसऱ्याकडे सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचा सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे हातात केवळ काठी घेऊन धावला, त्याने रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली, आणि अंगात गोळ्या शिरत असताना ती सोडली नाही. म्हणून अजमल कसाब जिवंत सापडला. त्याला वकील मिळाला, साक्षीदारांची उलटतपासणी झाली, विशेष न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय अशा तीन ठिकाणी पुरावा तपासला गेला, कट कोठे शिजला याची सारी हकिकत दप्तरी लागली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी सकाळी, येथून काही तासांच्या अंतरावर असलेल्या येरवड्याच्या कारागृहात, न्यायाधीशाच्या सहीच्या हुकमाची अंमलबजावणी झाली.